दुहिता आणि दुक्ते

प्रिय वसू,

मुक्ताने विल्न्यूसहून वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय. तो कळेल असं तुझ्याशिवाय कोण आहे मला? लिथुएनियन भाषेत मुलगी म्हणजे 'दुक्ते'. द्वितीयेत 'दुक्तेरी', षष्ठीत 'दुक्तेर्स'. आता तू संस्कृतात म्हण: दुहिता, दुहितरम्. प्रथमेत र गळतो, द्वितीयेत परत येतो, तिकडेही तसाच! असा र सांभाळणारा दुसरा शब्द त्यांच्याकडे एकच उरलाय, 'सेसुओ', म्हणजे बहीण, आपली स्वसा. बाईंनी घोकून घेतलेली रूपं रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत गं!

शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या त्या प्राचीन यास्कावरून आपण दोन दिवस बोलत नव्हतो, आठवतं? तू 'दोग्धेर्वा' धरून बसलीस: गाई दोहते ती दुहिता. मी तेव्हाही मानलं नाही, आजही नाही. मुलीसाठीच्या ग्रीक 'थुगातेर' शब्दातला मधला स्वर दुह् धातूतून येतच नाही. लिथुएनियनमध्ये दूध काढणं 'मेल्झ्ती', त्याचा दुक्तेशी काही संबंध नाही. त्यातला क मूळचा ग, पुढच्या त-मुळे कठोर झालेला, आपल्या संस्कृत संधीतल्या चर्त्वासारखा. शब्द यास्काच्या कितीतरी आधीचा आहे, वसू.

पण मला छळते ती त्याची दुसरी व्युत्पत्ती. 'दूरे हिता', लांब असलेलीच बरी. मुक्ता म्हणते, शिक्षण संपलं की तिथेच नोकरी बघेन. मी नको म्हटलं नाही. हे म्हणतात, पोरीची भरभराट होतेय, रडतेस काय? भरभराट मला दिसते. पण तिला ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवणार? लांब असण्याचा अर्थ त्या शब्दात मुळात नाहीच, तो मागाहून चिकटवलेला, हे मी स्वतःला रोज सांगते. रात्री मात्र यास्कच जिंकतो.

तिकडे आता बरेच जण 'दुक्रा' म्हणतात, चालवायला सोपा आकारान्त शब्द. मुक्ताला अवघड दुक्तेच आवडला. तुझीच शिष्या शोभते. आम्ही लेक म्हणतो. तुमच्या कोकणीत दुहितेची 'धूव' घरोघर आहे, याचा मला फार हेवा वाटतो.

माझा गुडघा बरा आहे. पल्लवीचं कुठवर आलं? नव्या घराला रंग दिलात का? कळव.

डिसेंबरात मुक्ता येतेय. तिला म्हापशाला घेऊन येईन. तुझ्या आईच्या तोंडून तिला 'धूव' ऐकायचंय, आणि दोग्धेर्वावर तुझ्याशी वाद घालायचाय. तयारीत राहा.

तुझी,
शालू