निष्कर्षाबरोबर संशोधनाची पद्धतही छापावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'माणूस अमुक प्रसंगी तमुकच वागतो, असे संशोधनात आढळले' अशा धर्तीच्या बातम्या आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत वरचेवर येतात. वाचकांना मानसशास्त्राची गोडी लागते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तो निष्कर्ष किती जणांवरून, कोणत्या लोकांवरून आणि कोणत्या रीतीने काढला, याचा उल्लेख अशा बातमीत बहुधा नसतो. मी अनेक वर्षे संशोधनपद्धती शिकवली आहे आणि या शास्त्रात पद्धत गाळली की निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

एक जुने उदाहरण देतो. अमेरिकेत चिनी लोकांविषयी उघड आकस असण्याच्या काळात, १९३०च्या सुमारास, समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर देशभर हिंडले. अडीचशेच्या आसपास हॉटेले आणि खाणावळींत ते गेले; नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना त्यांनी पत्राने विचारले, की आपण चिनी ग्राहकांना प्रवेश द्याल का? उत्तर पाठवणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी 'नाही' असे कळवले. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केवळ प्रश्नावली वापरली असती तर एक निष्कर्ष निघाला असता, आणि केवळ निरीक्षण केले असते तर नेमका उलटा. अर्थात यातही उणिवा आहेत. अनेक ठिकाणी गोरे लापिएर स्वतः सोबत होते, आणि ज्याने दारात स्वागत केले त्यानेच पत्राला उत्तर दिले, याची खात्री नव्हती. पण त्यांनी आपली पद्धत लिहून ठेवली, म्हणूनच या उणिवा आज आपल्याला दाखवता येतात.

बोलणे आणि वागणे यांतले हे अंतर प्रश्नावली भरून घेताना अगदी जवळून दिसते. 'आपण अनोळखी माणसाला किती वेळा मदत करता?' या प्रश्नापाशी समोरच्याची पेन्सिल 'क्वचित'वर टेकते, तो मान वर करून विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि खूण 'नेहमी'वर करतो. याला मी लबाडी म्हणणार नाही. चारचौघांत आपण बरे दिसावे, असे कुणाला वाटत नाही? म्हणून तर उत्तरे निनावी ठेवायची, तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा विचारायचा, प्रयोगात कोण कोणत्या गटात आहे हे नोंद घेणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही, अशी सारी खटपट संशोधकाला करावी लागते.

एवढे करूनही एकाच अभ्यासावर विसंबता येत नाही. मानसशास्त्रातील १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहण्याच्या मोठ्या प्रकल्पाचे निकाल २०१५ साली जाहीर झाले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीयदृष्ट्या सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा मिळणार नाही असा, निकाल होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच मिळाला, आणि सामाजिक मानसशास्त्रापुरते पाहिले तर जेमतेम चौथ्या हिश्श्यात. यावरून कुणी हे शास्त्रच थोतांड ठरवू नये. ही तपासणी मानसशास्त्राच्या अभ्यासकांनीच केली, आणि गृहीतक व विश्लेषणाची रीत आधीच नोंदवून ठेवण्याची शिस्त त्यानंतर अधिक रुजली. मला ही या शास्त्राची मोठी जमेची बाजू वाटते.

तेव्हा आपणांस विनंती, की अशा प्रत्येक बातमीत दोन-तीन ओळी पद्धतीसाठी राखाव्यात. सहभागी किती व कोण होते (बहुतेकदा ते विद्यापीठाचे विद्यार्थीच असतात), त्यांना नुसते विचारले की त्यांचे वागणे पाहिले, गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते की दोन गोष्टी एकत्र आढळल्या एवढ्यावरूनच एकीला दुसरीचे कारण ठरवले, आणि तो प्रयोग दुसऱ्या कुणी करून पाहिला आहे का, एवढे कळले तरी पुरे. आणि आपण ठळकपणे छापलेला एखादा निष्कर्ष पुढे टिकला नाही, तर ती बातमीही त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक