चॅटबॉटने आधी शेवटचा घोट विचारावा

संपादक महोदय,

व्यसन सोडू पाहणाऱ्याला रात्री २ वाजता तलफ येते, तेव्हा ॲपमधला चॅटबॉट जागा असतो. ती लाट बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ माणसाला बोलते ठेवणे त्याला जमते. पण रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून थेंबही नको’ असे सांगणे घातक आहे. दारू एकदम तुटली की ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी विचारावे: शेवटचे कधी प्यायलात? हात थरथरतात का? पूर्वी फिट आली होती? शेवटच्या दोन्हींपैकी एकालाही ‘हो’ आले की थेट डॉक्टरांकडे पाठवावे. ‘पुन्हा घेतली’ म्हणणाऱ्याला उपदेश नकोच, तो ॲपच काढून टाकतो. हेरॉइन सोडलेल्याला मात्र स्पष्ट बजावावे: शरीराची सवय मोडली आहे, जुन्याच मात्रेने आता श्वास थांबू शकतो.

– एक व्यसनमुक्ती समुपदेशक