‘फरार’ हा शब्द खोडायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुमची आई अजून मिन्स्कमध्ये आहे आणि तुम्ही बाहेर, एवढं कारण पुरे.

बेलारूसवरचा माझा लेख छापायला जाण्याआधी मी तो तुम्हाला फोनवर समजावून सांगत होते, अडखळत. मार्च २०२३ मध्ये मिन्स्कच्या न्यायालयाने स्वेतलाना तिखानोव्स्काया यांना १५ वर्षं आणि पावेल लातुश्को यांना १८ वर्षं कैद सुनावली, तो भाग आला. दोघंही तेव्हा देशाबाहेर. मी लिहिलं होतं, ‘फरार विरोधी नेत्यांना शिक्षा’. बातम्यांत हा शब्द इतका सर्रास येतो की मला काही खटकलंच नाही. तुम्ही विचारलंत, चोरालाही तुमच्याकडे हेच म्हणतात का? मी हो म्हटलं. ‘मग निकाल तूच देऊन टाकलास की!’ असं म्हणून तुम्ही हसलात. मी मात्र ओशाळले.

त्यानंतर तुम्ही रात्री उशिरापर्यंत मला तो कायदा उलगडून सांगितलात. जुलै २०२२ मध्ये फौजदारी प्रक्रियेत बदल करून आणलेली ‘विशेष कार्यवाही’. नोटीस तपास समितीच्या संकेतस्थळावर झळकणार, आरोपीचा वकील सरकारच नेमणार. परत यावं तर विमानतळावरूनच कोठडी, न यावं तर खटला तुमच्याशिवाय. त्याच वर्षी डिसेंबरात ऑलिंपिक पदकविजेती जलतरणपटू अलियाक्सांद्रा हेरासिमेन्या यांना अशीच १२ वर्षं झाली.

मला वाटत होतं, बाहेर असलेल्याला ही शिक्षा म्हणजे नुसता कागद. तुम्ही त्या कागदामागून काय काय येतं ते मोजून दाखवलंत. घर जप्त होतं. मागे राहिलेल्या नातेवाइकांकडे चौकशीला माणसं येतात. आणि सप्टेंबर २०२३ च्या फर्मानानंतर बेलारूसच्या वकिलातींत पासपोर्टचं नूतनीकरणही होत नाही. ‘माझ्या पासपोर्टची मुदत केव्हा संपते, हे मला वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे,’ हे तुमचं वाक्य मी लेखात घेतलं नाही. ते तुमचंच राहू दे.

आणखी एक गोष्ट तुमच्यामुळे दिसली. तिखानोव्स्काया यांच्या निकालाच्या तीनच दिवस आधी नोबेल विजेते आलेस बियालियात्स्की यांना १० वर्षं झाली होती. ते न्यायालयात होते, पिंजऱ्यात बसलेले. ते डिसेंबर २०२५ मध्ये सुटले, पण शिक्षा सुनावताना हजर आणि गैरहजर दोघांचं माप एकच निघालं. लेखाचा कणा तोच झाला.

एक परिच्छेद मात्र तुम्ही काढायला लावलात. तुरुंगातल्या एका बाईंबद्दलचा, ज्यांच्या कपड्यांवर ‘अतिरेकी प्रवृत्ती’ची पिवळी पट्टी आहे. घरच्यांना नाव बाहेर यायला नको होतं. मी थोडी कुरकुरले, कारण लेखातला सगळ्यात चांगला भाग तोच होता. त्या कुरकुरीबद्दल माफ करा. काढायला लावलंत याबद्दल आभार.

आता मथळ्यात ‘परागंदा’ आहे. तुम्हाला तो शब्द उच्चारायला आवडला होता, तीनदा म्हणून पाहिलात. अंक पोस्टाने पाठवत नाहीये, फोटो पाठवते. वाचून झाल्यावर पुसून टाका.

तुमची,
मराठीतली मैत्रीण