शेततळं, क्यूसेक आणि दहाचे घात

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री तू फोनवर विचारलंस, "तळं काठोकाठ आहे, पण मृगापर्यंत मोसंबी तगेल का?" आणि मी "उद्या सांगतो" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, टाळतोय. तसं नव्हतं. चारशे झाडांचा प्रश्न आहे, त्यावर तोंडी आकडा फेकायची माझी हिंमत झाली नाही. आज सकाळी कागद घेऊन बसलो, तेव्हा वहिनींनी पाठवलेला धाकटीच्या वहीचा फोटोही समोर होता. दहाचे घात, घनमीटरचे लिटर, ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर, आणि प्रत्येक उत्तराखाली लाल शाईत ‘एकक?’. बघता बघता लक्षात आलं की तुझा प्रश्न आणि तिचा गृहपाठ एकच आहे. म्हणून हे पत्र दोघांसाठी. तिलाही वाचायला दे.

(मोबाईलवर घातांक वर चढवता येत नाही, म्हणून १०^३ असं लिहितोय. म्हणजे दहाचा तिसरा घात, एक हजार.)

आधी तळं. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार, म्हणजे तळाशी २४ बाय २४. नुसतं ३० गुणिले ३० गुणिले ३ करून २७०० घनमीटर धरू नकोस, उतारात बरंच जातं. उतार धरून हिशेब केला तर २१९६ येतात, आपण २.२ × १०^३ घनमीटर म्हणू. एका घनमीटरात १०^३ लिटर. गुणाकारात घातांकांची बेरीज, तीन आणि तीन सहा. म्हणजे २.२ × १०^६ लिटर, बावीस लाख लिटर पाणी.

आता खर्च. झाडं ४ × १०^२, झाडाला ४ ड्रीपर (ठिबकच्या तोट्या), प्रत्येक ड्रीपर ताशी ४ लिटरचा. चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट, सोबत १०^२. म्हणजे तासाला ६.४ × १०^३ लिटर. तू रोज तीन तास मोटर चालवतोस, म्हणजे दिवसाला १.९२ × १०^४ लिटर. आता भागाकार. २.२ ला १.९२ ने भागलं की १.१५, आणि घातांकांची वजाबाकी, सहातून चार गेले दोन. १.१५ × १०^२, म्हणजे ११५ दिवस. आज १५ फेब्रुवारी. ११५ दिवस मोजले की १० जून येतो. मृग ७-८ जूनला लागतं. सगळं जमल्यासारखं दिसतं ना?

मीही क्षणभर खूश झालो. मग ऊन आठवलं.

तळ्याचा पृष्ठभाग ९ × १०^२ चौरस मीटर. एक मिलिमीटर म्हणजे १०^-३ मीटर. एका चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०^-३ घनमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर. हे नातं मला फार आवडतं. पावसाला लागू, बाष्पीभवनालाही लागू. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत सरासरी रोज ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धर. ९ × १०^२ गुणिले ८ म्हणजे ७.२ × १०^३ लिटर रोज, एकाही झाडाला न मिळता. तुझ्या रोजच्या ड्रीपच्या एक तृतीयांशाहून जास्त! दोन्ही मिळवले की रोजचा खर्च २.६४ × १०^४ लिटर, आणि पाणी पुरणार ८३ दिवस. म्हणजे मे महिन्याची ९ तारीख. पुढचा महिना कोरडा, तोही सगळ्यात कडक. पाणी खाली गेलं की पृष्ठभाग लहान होतो, म्हणून प्रत्यक्षात चारदोन दिवस जास्त मिळतील. तेवढ्यावर विसंबू नकोस.

मोटर दोनच तास चालवलीस तर ड्रीपचे १.२८ × १०^४ आणि उन्हाचे ७.२ × १०^३, मिळून बरोबर २ × १०^४ लिटर. २.२ × १०^६ भागिले २ × १०^४, म्हणजे ११० दिवस, ५ जून. झाडामागे ४८ ऐवजी ३२ लिटर मिळतील. झाडं अजून पाचव्या वर्षातली आहेत, तेवढ्यावर भागतं का, ते तू झाड बघून ठरव. तिथे माझं गणित चालत नाही. पण बुंध्याशी उसाच्या पाचटाचं आच्छादन मात्र याच आठवड्यात घाल, आणि तळ्यावर शेडनेट टाकता आलं तर बघ.

हे सगळं इतकं बारकाईने का लिहितोय, त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी मामाच्या विहिरीत किती पाणी उरलंय ते मला काढायचं होतं. मीटरमध्ये शंभर सेंटिमीटर, म्हणून घनमीटरमध्ये शंभर लिटर असं मी धरून चाललो. उत्तर दहापट कमी आलं. मामाने माझ्यावर विश्वास ठेवून आठवडाभर टँकर घेतला, आणि विहिरीत पाणी होतं. तो मला एका शब्दाने बोलला नाही. त्या टँकरचे पैसे मला आजही टोचतात. चूक गुणाकाराची नव्हती. लांबीचं रूपांतर मी आकारमानाला तसंच लावलं होतं. मीटरमध्ये १०^२ सेंटिमीटर असतील तर घनमीटरमध्ये १०^२ तीनदा गुणायचे, म्हणजे १०^६ घनसेंटिमीटर. लिटरमध्ये १०^३ घनसेंटिमीटर. सहातून तीन गेले तीन, म्हणून हजार लिटर. धाकटीला सांग, लांबी बदलली की क्षेत्रफळात घातांकाची दुप्पट आणि आकारमानात तिप्पट. हे एक पक्कं झालं की निम्म्या चुका आपोआप जातील.

गुंठ्याचंही तसंच. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट. मीटरमध्ये काढलं तर १०१ चौरस मीटर. जवळजवळ १०^२! एकराचे ४० गुंठे म्हणजे ४ × १०^३ चौरस मीटर. मग एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर ४ × १०^३ गुणिले २५, म्हणजे १०^५ लिटर. एक लाख लिटर. पर्जन्यमापकात बोटभर दिसणारं पाणी एकरावर लाख लिटर असतं, हे मी पहिल्यांदा काढलं तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

श्रावणात तू विचारलं होतंस तेही आज पुरं करतो. गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून इतके क्यूसेक सोडले अशी बातमी येते, खालच्या जायकवाडी धरणाचा साठा दलघमीत सांगतात, आणि पुढारी टीएमसीत बोलतात. तू म्हणालास, "तिघं तीन भाषा बोलतात, आम्ही काय समजायचं?" तुझं बरोबर होतं. पैठणला नदीकाठी राहणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं. तर ऐक. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर, १०^६ घनमीटर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, १०^९ घनफूट. क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. आणि एक घनफूट म्हणजे २.८३ × १०^-२ घनमीटर, साधारण २८ लिटर, पाण्याचे दोन मोठे हंडे. तिन्ही भाषा इथे येऊन मिळतात.

जायकवाडीचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी, म्हणजे २.१७ × १०^९ घनमीटर. समज, धरण निम्मं रिकामं आहे, १.०९ × १०^९ भरायचे राहिलेत, आणि आवक ५० हजार क्यूसेक. ५ × १०^४ गुणिले २.८३ × १०^-२. अंक १४.१५, घात चारातून दोन गेले दोन. १.४१५ × १०^३ घनमीटर सेकंदाला. दिवसात ८.६४ × १०^४ सेकंद. गुणलं की दिवसाला १.२२ × १०^८ घनमीटर, म्हणजे १२२ दलघमी. १.०९ × १०^९ भागिले १.२२ × १०^८, नऊ दिवस. आवक टिकली तर नऊ दिवसांत धरण भरतं आणि मग दरवाज्यांचा विषय निघतो. आणखी एक लक्षात ठेव, दिवसभर १० हजार क्यूसेक वाहिले की ०.८६ टीएमसी होतं. तेवढ्यावर बातमी ऐकता ऐकता अंदाज येतो.

धाकटी उणे घातांकाला अडते, ते वहीत दिसलं. ०.०२८३ लिहिताना ती शून्यं मोजते आणि एक हरवते. तिला म्हणावं, दशांशचिन्ह उजवीकडे दोन घरं सरकवलंस, अंक शंभरपट मोठा झाला, म्हणून घातांकाने दोन परत करायचे. इकडून घेतलं तेवढं तिकडे द्यायचं. आणि प्रत्येक ओळीत एकक लिहायचं, फक्त शेवटी नाही. ७२ किलोमीटर भागिले तास असं लिहिलं, किलोमीटरच्या जागी १०^३ मीटर आणि तासाच्या जागी ३.६ × १०^३ सेकंद ठेवले, की हजाराला हजार काटले जातात आणि ७२ भागिले ३.६, सेकंदाला २० मीटर उरतात. पाच छेद अठराने गुणायचं की अठरा छेद पाचने, हे पाठ करायची गरजच राहत नाही. एकक बरोबर येत नसेल तर उत्तर बरोबर असूच शकत नाही. बाई लाल शाईत तेच विचारताहेत, त्यांच्यावर रागावू नकोस म्हणावं.

उद्या सकाळी एक कर. बांबूवर मीटरच्या खुणा कर आणि तळ्याच्या मधोमध खोली मोज. गाळ साचून ती ३ ऐवजी २.७ भरली तर वरचे सगळे दिवस कमी होतील. मोजमाप धाकटीकडून घे, दिवसही तिलाच काढू दे, आणि कागदाचा फोटो मला पाठव. मी न बघता उत्तर काढून ठेवतो, मग जुळवून पाहू.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, लोणचं पोचलं.

तुझाच,
जुना बाकमित्र