काकूंना पाण्यापर्यंत सोबत करणाऱ्या एल्डरला

प्रिय एल्डर,
अनेक आशीर्वाद.

तुझी बदली झाली आणि निघायच्या गडबडीत बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. उघड अशासाठी लिहितो की आपल्या चर्चच्या (लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात) मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेवर, निघालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही ते वाचावं. १९ वर्षांचा मुलगा 'एल्डर' म्हणून, म्हणजे मिशनरी म्हणून, दोन वर्षांसाठी घर सोडून येतो आणि दिवसभर नेमकं काय करतो, हे मराठी घरांत फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आमच्या काकूंना तू बाप्तिस्म्यापर्यंत, म्हणजे पाण्यात बुडवून चर्चमध्ये घेण्याच्या विधीपर्यंत, नेलंस. त्यात पहिले आभार त्यांची भीड ओळखल्याबद्दल. पुनःस्थापना, तारणाची योजना, विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, मग आज्ञा असे धडे शिकवून होतात, पण आपल्याकडची वडीलधारी बाई दारी आलेल्या पोराला 'नाही' म्हणत नाही. काकू प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणत होत्या. नवखा मिशनरी तिथेच फसतो, त्या होकारावर बाप्तिस्म्याची तारीख ठरवतो आणि आठवड्याभरात काकू फोन उचलेनाशा होतात. तू मात्र विचारलंस, "काकू, हे तुमच्या मुलीला समजावून सांगायचं तर कसं सांगाल?" त्यांना सांगता आलं नाही, तेव्हा ठरलेली तारीख तू स्वतः पुढे ढकललीस आणि मॉर्मनच्या पुस्तकातला मोसाया १८ हा अध्याय पुन्हा वाचायला घेतलास. बाप्तिस्म्यात माणूस कशाचा करार करतो ते त्याच अध्यायात आहे: एकमेकांचं ओझं वाहणं, रडणाऱ्याबरोबर रडणं. आपण कशाला होकार देतोय हे काकूंना तिथे कळलं.

मुलगी कामावर गेलेली असली की तू आणि तुझा जोडीदार मिशनरी दोघंच त्यांच्या घरात पाऊल टाकत नव्हता, वॉर्डातलं, म्हणजे आपल्या स्थानिक मंडळीतलं, कुणी मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय नाहीच. नियमच तसा आहे, पण तो पाळायचा म्हणजे आदल्या दिवशी चार फोन करावे लागतात. ते तू न कंटाळता केलेस.

चहाचं तर सविस्तर लिहायलाच हवं. ज्ञानाच्या वचनात, म्हणजे चर्चच्या आरोग्याच्या नियमात, चहा, कॉफी, दारू, तंबाखू बसत नाही, हे सांगायला एक मिनिट पुरतं. पण वर्षानुवर्षं दिवसाला चार कप चहा घेणाऱ्या बाईने तो एकदम बंद केला तर दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि तिला वाटतं, आपल्याला हे झेपणारं नाही. तू आधी दुपारचा कप काढायला लावलास, मग संध्याकाळचा, आणि सकाळचा अगदी शेवटी. रिकाम्या वेळेला गवती चहा, आलं आणि वेलची पाण्यात उकळून वर दूध घालून दिलंस. गवती चहाला नावापुरताच चहा म्हणतात, त्यात चहापत्ती नसते, म्हणून तो चालतो. चार वाजले की हाताला कप लागतो, हे तू जाणलंस.

उपासाला काकू कधीच घाबरल्या नव्हत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळा अन्नपाणी सोडणं म्हणजे एकादशीवाल्या घरात काय विशेष? उलट त्यांना मधुमेहाची गोळी असल्यामुळे तुलाच थांबवावं लागलं: प्रकृतीला झेपेल तेवढंच. दशांशाचंही, म्हणजे चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाचंही, तू एका वाक्यात मिटवलंस, पावत्या कुणी तपासत नाही, वर्षाअखेरी बिशपांपुढे, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखांपुढे, आपणच सांगायचं.

बाप्तिस्म्याआधीची मुलाखत शिकवणाऱ्याने घ्यायची नसते, ती डिस्ट्रिक्ट लीडर, म्हणजे आसपासच्या मिशनरींचा प्रमुख मिशनरी, घेतो. अनोळखी मुलगा बंद खोलीत एकेक प्रश्न विचारतो, त्यात गंभीर गुन्ह्याबद्दल आणि गर्भपाताबद्दलही असतात. तयारी नसेल तर बाई अपमानित होऊन बाहेर येते. तू सगळे प्रश्न त्यांना आधीच वाचून दाखवलेस आणि सोबतीला एक मोठं माणूस आत बसवता येतं हेही सांगितलंस.

आणि मग पाणी. काकूंना पाण्याची धास्ती होती. तू आधी त्यांना कोरडा हौद दाखवलास, पायऱ्या किती, कठडा कुठे. मग वर्गातल्या गालिच्यावर सराव घेतलास. तुझ्या डाव्या हाताने त्यांचं उजवं मनगट धरायचं, त्यांनी डाव्या हाताने तुझं डावं मनगट, प्रार्थना संपली की त्यांनी उजव्या हाताने नाक दाबायचं, तुझा उजवा हात पाठीवर उंच. सगळी मेख गुडघ्यांत आहे. ते वाकवले नाहीत तर शरीर फळीसारखं मागे जातं आणि पावलं वर उचलली जातात. झग्यात हवा भरून तो तरंगतो, म्हणून सलग शिवलेला, जाड कापडाचा पांढरा पोशाख निवडला. आतले कपडेही पांढरेच, नाहीतर ओल्या कापडातून दिसतात. वेणी सोडून घट्ट अंबाडा, कारण केसाची एक बट जरी वर राहिली तरी पुन्हा करावं लागतं.

हौद भरत असताना मोठं माणूस तिथेच हवं आणि तो रिकामा होऊन दार बंद होईपर्यंत हलायचं नाही. ती राखण तू आमच्याबरोबर पूर्ण केलीस. गरम पाण्याची टाकी मध्येच संपते, म्हणून लवकर सुरुवात करून दर थोड्या वेळाने हात घालून बघत होतास.

काकूंचं पूर्ण नाव, म्हणजे त्यांचं, यजमानांचं आणि आडनाव, तू आठवडाभर घोकलंस. ते अचूक आलं. पहिल्या वेळी मात्र कोपर पाण्याबाहेर राहिलं. दोन साक्षीदारांपैकी एक होती काकूंची मुलगी (२०१९पासून स्त्रियांनाही साक्षीदार होता येतं) आणि तिनेच नकारार्थी मान हलवली. तू हसून काकूंना श्वास घेऊ दिलास, पूर्ण प्रार्थना पुन्हा म्हटलीस आणि दुसऱ्यांदा सगळं पाण्याखाली गेलं. असं होऊ शकतं हे तू आधीच सांगून ठेवल्यामुळे त्या बावरल्या नाहीत.

पुढच्या रविवारी साक्रामेंट सभेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, डोक्यावर हात ठेवून त्यांचं दृढीकरण, म्हणजे सभासद म्हणून शिक्कामोर्तब, झालं. बऱ्याच ठिकाणी मिशनरींचं काम इथे संपतं. चर्चचे माजी अध्यक्ष गॉर्डन हिंकली म्हणत, नव्या सभासदाला एक मित्र, एक जबाबदारी आणि देवाच्या वचनाचं पोषण लागतं. बदलीचा फोन येण्याआधीच तू बिशपांकडे जाऊन जबाबदारी मागून आणलीस. काकू आता नर्सरीत १८ महिन्यांपुढच्या पोरांना सांभाळतात आणि रविवार चुकवत नाहीत.

सोमवारी घरी बोलशील तेव्हा आईवडिलांना आमचे आभार कळव. काकूंनी सांगितलंय, नव्या वॉर्डात जेवणाचे हाल असतील तर लाडूंचा डबा पाठवते, पत्ता कळव.

तुझे,
वॉर्ड मिशन लीडर आणि सौ.
सॉल्ट लेक खोरं, युटा