काटेवाल्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

धरमतर बंदरात गाडी मारणाऱ्या कुणालाही विचारा, आभार कुणाचे मानशील? कुणी मेकॅनिकचं नाव घेईल, कुणी वडखळ नाक्यावरच्या चहावाल्याचं. गाड्यांचं वजन करणाऱ्या काटेवाल्याचं नाव निघणार नाही. काटा म्हणजे खोळंबा आणि भांडण, असंच आमच्या लाइनीत सगळे धरून चालतात. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी लोड घेऊन खोपोलीकडे होतो, भेट राहून गेली. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोठं जहाज अंबा नदीत शिरत नाही. ते खोल पाण्यात नांगर टाकून उभं राहतं, माल बार्जमध्ये उतरतो आणि बार्ज भरती धरून धरमतरच्या खाडीत येतात. भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते, तशी आमची जेवणाची वेळही सरकते. उधाणाला जेट्टीवर रात्रभर गडबड, भांगाला, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवसांत, कधी कधी नुसतं बसून राहायचं. (गणपतीत महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी असते, तेवढी एक सक्तीची सुट्टी आधीपासून ठाऊक असते.) क्रेनच्या पंज्यानं, म्हणजे ग्रॅबनं, कोळसा वर येतो, लोडर हौद्यात टाकतो, गाडी काट्यावर चढते. पुढे कारखान्यात पुन्हा काटा. या दोन काट्यांमध्ये जे कमी पडतं ती घट, आणि घट ड्रायव्हरच्या डोक्यावर.

माझी घट निघाली होती एकशे सत्तर किलो. बंदरात नेट, म्हणजे नुसत्या मालाचं वजन, अठरा हजार, कारखान्यात सतरा हजार आठशे तीस. मधला कोळसा गेला कुठे, याला आमच्या ट्रान्सपोर्टच्या मुनशीकडे एकच उत्तर होतं, वाटेत विकला. पैसे कापले, वर चार माणसांत चोर ठरवलं.

तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्यात आणि बंदरातल्या चिठ्ठीवरच्या टेअरच्या तारखेखाली लाल रेघ मारलीत. "पोरा, रिकाम्या गाडीचं हे वजन कालचं आहे. काल टाकी कशी होती?" टाकी तळाला होती. सकाळी पंपावर दोनशे लिटर डिझेल भरून मी जेट्टीवर आलो होतो, आणि कॉम्प्युटरनं रिकामं वजन कालचंच उचललं होतं. मग तुम्ही चिठ्ठीच्या पाठीमागे हिशेब मांडलात. लिटरभर डिझेल किलोपेक्षा थोडं हलकं, दोनशे लिटरचे झाले साधारण एकशे पासष्ट किलो, आणि काटा दहा-दहा किलोनं चढतो, म्हणून चिठ्ठीवर एकशे सत्तर. ते डिझेल बंदरात कोळसा म्हणून मोजलं गेलं. कारखान्यात भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वजनं तिथल्या तिथे झाली, दोन्ही वेळा डिझेल टाकीतच, त्यामुळे वजाबाकीत ते निघून गेलं. कोळसा जेवढा भरला तेवढाच पोचला होता.

मुनशीनं ते पैसे काही परत दिले नाहीत. पण तुम्ही त्याला फोन लावून हिशेब ऐकवलात, आणि त्यानंतर चोर हा शब्द माझ्या बाबतीत निघाला नाही. मला पैशांपेक्षा ते मोठं वाटलं.

पुढे तुम्ही प्रत्येक फेरीला गाडी रिकामी मोजायला लावलीत. मागची लाइन हॉर्न वाजवायची, शिव्या द्यायची, तुम्ही खिडकीतून बघायचासुद्धा नाहीत. किन्नरला, म्हणजे गाडीच्या क्लीनरला, उतरवायचं तर दोन्ही वजनांना उतरव, नाहीतर दोन्हीला बसव, हे तुमचंच. आणि पावसाळ्यातली ती गोष्ट तर मला कुणीच सांगितली नसती. ओला बारीक कोळसा हौद्याच्या कोपऱ्यांत थापला जातो. तो खरवडून पाडला नाही तर रिकामी गाडी जड भरते आणि तेवढी घट आपल्या नावावर चढते. तेव्हापासून सीटमागे छोटं फावडं असतंच. माल भिजलेला असला, हौद्यातून काळं पाणी गळत असलं, की तुम्ही चिठ्ठीवर "माल ओला" लिहून सही करायचात. त्या दोन शब्दांनी किती जणांची मजुरी वाचली असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

जादा लोडच्या बाबतीतही तुम्ही हटला नाहीत. दहा चाकीची मर्यादा 2018 साली 25 टनांवरून 28.5 टन झाली, गाडीच्या वजनासकट. मुनशीला तीही पुरेना. "दोन टन जाऊ दे" असा त्याचा फोन आला की तुम्ही मला सांगायचात, "20 हजार दंड, वर टनाला 2 हजार. रस्त्यावर स्टेअरिंगवर तू असणार, तो नाही." आणि जादा माल काढायला लोडर परत बोलवायचात.

आता काट्यावर कॅमेरे आलेत, पण जुना टेअर अजूनही अधूनमधून लागतो. नवीन पोरगं घट आली म्हणून तोंड पाडून बसलं की मी आधी त्याची चिठ्ठी मागतो आणि तारीख बघतो.

पोयनाडला कधी आलात तर घरी या. बायकोला तुमच्याबद्दल सगळं माहीत आहे. येण्याआधी फोन करा म्हणजे भरती बघून सुट्टी टाकतो.

तुमचा,
दहा चाकीवाला