फोन आता सकाळी करते

आई, बाबा,

परवा रात्री मी फोनवर वसकन ओरडले त्याबद्दल आधी सॉरी. बाबा, तुम्ही फक्त मोबाईलवरून बिल कसं भरायचं एवढंच विचारत होतात आणि मी म्हणाले, किती वेळा सांगू. तुम्ही "बरं बरं, उद्या बघू" म्हणून फोन आईकडे दिलात आणि आई, तूही दोन मिनिटांत ठेवलास. तुमचं ते "बरं बरं" अजून कानात आहे. फोनवर नीट बोलता येणार नाही म्हणून लिहितेय.

गेलं वर्षभर माझं असं झालंय की सकाळी मी एकदम नॉर्मल असते, ऑफिसमधे दुपारपर्यंत कामाचा फडशा पाडते, आणि संध्याकाळी घरी येऊन सोफ्याच्या कडेला बसले की संपलं, एक चप्पल पायात, एक काढलेली, पर्स खांद्यालाच, आणि अशी पंधरा-वीस मिनिटं जातात. मुलगी काहीतरी सांगत असते, तिचे ओठ हलताना दिसतात पण शब्द आत शिरत नाहीत. मग ती म्हणते, आई तू चिडलीयेस का माझ्यावर? मी चिडलेली नसते गं, खरंच नसते, पण ते सांगायलाही अंगात त्राण नसतो.

तिनं पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मला बाबांची खुर्ची आठवली. बाबा, तुम्ही कामावरून आलात की मोजे न काढता तिथे डोळे मिटून बसायचात आणि मी आतल्या खोलीतून बघायचे आणि ठरवून टाकायचे की आज बाबांचा मूड खराब आहे, प्रगतीपुस्तक उद्या दाखवू. कितीतरी वर्षं मी तुम्हाला रागीट समजत होते. तुम्ही थकलेले असायचात, बाबा. आज मी त्याच वयाची आहे, सेहेचाळीस, म्हणून कळतंय.

आणि आई, तू तर बसायचीसच नाही. ओट्याला एक हात टेकवून, कमरेवर दुसरा हात ठेवून मिनिटभर नुसती उभी राहायचीस आणि मग पुन्हा कामाला लागायचीस. सगळे म्हणायचे चाळिशी आली की व्हायचंच. मी पण तेच म्हणाले असेन.

मला पण सगळ्यांनी तेच सांगितलं, वय झालं, स्ट्रेस आहे, लवकर झोपत जा. शेवटी जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा डॉक्टरकडे गेले. थायरॉईड, साखर, बी ट्वेल्व्ह सगळं ठीक निघालं, पण हिमोग्लोबिन ९.४, बाईला किमान १२ तरी पाहिजे, आणि फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तो जवळजवळ तळाला. कारण पाळी. वर्षभर कधी वीस दिवसांनी येते, कधी दोन महिने येतच नाही, आणि आली की आठ-आठ दिवस अंगावरून खूप जातं. (बाबांनाही हे पत्र वाचायचंय हे माहितीये मला, पूर्वी लाजले असते, आता नाही लाजत, त्यांनाही कळू दे.) डॉक्टर म्हणाल्या की पाळी जायच्या आधीची ही काही वर्षं अशी असतात, त्यात झोपही तुटते, पण एवढं रक्त जाणं अंगावर काढायचं नसतं, म्हणून सोनोग्राफी पण करून घेतली. त्यात काळजीसारखं काही नाही, तुम्ही घाबरू नका.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत. चहा-कॉफीबरोबर घेतल्या तर लोह अंगात नीट शोषलं जात नाही, हे मला माहितीच नव्हतं, मी पहिले दहा दिवस चहाच्या घोटाबरोबरच गिळत होते. आकडा वर आला तरी साठा भरायला अजून काही महिने गोळ्या घ्याव्या लागतात. आणि पाचनंतरची कॉफी बंद केली. कॅफिनमुळे थकवा जात नाही, नुसता झाकला जातो, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं साधारण निम्मं रक्तात असतं, म्हणजे संध्याकाळी तरतरी यावी म्हणून प्यायलेली कॉफी रात्री अकराला मला जागं ठेवत होती, मग झोप कमी, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे चक्र तुटायला दोन आठवडे लागले, पहिले चार दिवस तर डोकं भयंकर दुखलं.

बाकी मोठं काही केलं नाही. घरी आले की वीस मिनिटं खोलीत अंधार करून आडवी पडते, फोन बाहेर ठेवून, आणि मुलीला आधीच सांगून ठेवलंय की मी चिडलेली नाहीये, मी थकलेय, वीस मिनिटांनी तुझी आहे. आधी वाटायचं आल्या आल्या कामं उरकली की मग बसायचं, पण ते "मग" कधी यायचंच नाही. आता ती स्वतःच दार ओढून घेते. परवा तिनं बाहेरून हळूच विचारलं, झाली का वीस मिनिटं, आणि मला एकदम रडूच आलं, कारण बाबांच्या खुर्चीजवळ जाऊन मी असं कधीच विचारलं नव्हतं.

पूर्ण बरं वाटतंय असं नाही, आठवड्यातले दोन-तीन दिवस अजून संध्याकाळी गळून जाते. महत्त्वाचं बोलणं मात्र आता रात्री करत नाही, आणि तुमचा फोन माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा असून मी तो रोज रात्री साडेआठला, दिवसभराचं सगळं संपल्यावर, उरलेल्या दहा मिनिटांत करत होते. म्हणून यापुढे सकाळी सातला करेन. तुम्ही तसेही पाचपासून उठलेले असता. बाबा, बिलाचं उद्याच करू, व्हिडिओ कॉल लावा, मी एकेक स्टेप दाखवते, घाई नाही.

आणि आई, डॉक्टरांनी मला विचारलं, तुमच्या आईची पाळी कितव्या वर्षी गेली? बहुतेकदा आईचं आणि मुलीचं वय जवळपास असतं म्हणून विचारतात. मला सांगता आलं नाही. सेहेचाळीस वर्षांची झाले आणि हे मी तुला कधी विचारलेलंच नाही. तुला पण एवढंच जायचं का गं? रात्री घाम यायचा का? तेव्हा कोणी तुझं रक्त तपासलं होतं का? उद्या बाबांचं बिल झालं की फोन आत घेऊन जा आणि मला सगळं सांग, माझ्याकडे आठपर्यंत वेळ आहे.

तुमची,
ताई

(हो, ताईच. धाकट्याला पण वाचायला द्या, त्यालाही हल्ली संध्याकाळी फोन केला की तो हं-हं एवढंच करतो.)